कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराची सोय : नागपुरात नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या युनिटात सुपरवायझर म्हणून लागलात, इतवारीतल्या गोडाऊनचा हिशेब सांभाळताना "सेफ्टीचंही तूच पाहून घे" असं मालकाने सांगितलं, किंवा धंतोलीत पंधरा जणांचं ऑफिस नुकतंच थाटलं. प्रथमोपचाराचं काम बहुतेकांच्या अंगावर असंच येतं. शिकवत कुणीच नाही, तपासणीच्या कागदावर एक रकाना तेवढा असतो. तो भरायला लोक औषधाच्या दुकानातून तयार पेटी आणतात, भिंतीला ठोकतात आणि विसरून जातात. माझं म्हणणं, पेटी सगळ्यात शेवटी घ्या. आधी तुमच्याकडे काय होऊ शकतं ते पाहा, मग धावून जाणारा माणूस ठरवा, मग दवाखान्याचा रस्ता. हे तिन्ही ठरलं की पेटीत काय हवं ते आपोआप कळतं.

पहिलं काम : वही घेऊन फेरी

एक वही घ्या आणि जागेवरून दोनदा फिरा, एकदा भर दुपारी आणि एकदा रात्रपाळीत. दोन्ही वेळचे धोके वेगळे असतात. प्रत्येक ठिकाणी तिथे काम करणाऱ्यालाच विचारा, "इथे कुणाला काय काय लागलं आहे आतापर्यंत?" ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये नसलेले अपघात हेल्पर आणि फिटर भाऊच सांगतात. पॉवर प्रेसवर बोट गेलं, ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात गेली, संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकताना खिळा घुसला, सावजी भोजनालयाच्या भटारखान्यात उकळती तर्री हातावर सांडली. ज्याचं काम त्याची जखम. ऑफिस असेल तर यादी छोटी राहील: चक्कर, छातीत दुखणं, फिट येणं, जिन्यावरून पडणं. पण छोटी यादी म्हणजे सौम्य यादी नव्हे.

बाजारगाव-कोंढाळी पट्ट्यातले स्फोटकांचे कारखाने किंवा मोठी रासायनिक युनिटं यांचे नियम याहून बरेच कडक आहेत. तिथे पूर्णवेळ सुरक्षा अधिकाऱ्याचं काम आहे, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

कायदा काय मागतो

थोडक्यात सांगतो, कारण कायद्यातली सोय ही किमान सोय असते. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४५ मध्ये दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी किंवा कपाट सांगितलं होतं. पेटीत ठरलेल्या सामानाशिवाय काही ठेवायचं नाही आणि प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार माणसाकडे, तो माणूस कामाच्या वेळात हजर हवा. ५०० हून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे जागेवरच उपचाराची खोली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. पेटीची आणि ५०० कामगारांपुढच्या कक्षाची अट तिच्यातही आहे. दुकानं आणि ऑफिसं वीस किंवा अधिक कामगारांची असतील (२०२५ च्या दुरुस्तीपर्यंत ही मर्यादा दहाची होती) तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार प्रथमोपचाराची सोय मालकाने करायचीच आहे.

१५० चा आकडा मात्र डोळे मिटून धरू नका. दोन शेड असतील आणि मधे ट्रक लागणारं अंगण असेल तर तीस माणसांनाही दोन पेट्या लागतात. कुठल्याही मशीनपासून दोन मिनिटांच्या आत हात पोचेल एवढ्या अंतरावर पेटी हवी. हे माझं माप आहे, कायद्याचं नव्हे.

माणूस : एक नको, प्रत्येक पाळीत दोन

सगळ्यात जास्त चूक इथे होते. प्रमाणपत्र एचआरच्या माणसाचं असतं, तो दहा ते सहा असतो, आणि अपघात पहाटे चारला होतो. म्हणून प्रत्येक पाळीत दोन माणसं शिकलेली हवीत. एक सुट्टीवर गेला तरी दुसरा असतो, आणि दोघंही असले तर एक जखमीजवळ थांबतो, दुसरा फोन आणि गेट पाहतो.

निवडताना हुद्दा पाहू नका. रक्त पाहून ज्याचे हातपाय गळत नाहीत, ज्याचं चार लोक ऐकतात आणि जो मशीन सोडून पटकन निघू शकतो, असा माणूस शोधा. बरेचदा तो स्टोअरकीपर किंवा जुना ऑपरेटर निघतो. त्याला पगारात थोडी भर देता आली तर द्या, कारण ही नुसत्या गौरवाची जबाबदारी नाही. बायका काम करत असतील तर दोघांपैकी एक बाई असलेली बरी. भाजलेल्या बाईचे कपडे सोडवायची वेळ आली की हे पटतं.

प्रशिक्षण सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा भारतीय रेडक्रॉस यांच्याकडून घ्या. प्रमाणपत्र लागू नियमात चालणारं आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. नुसत्या पडद्यावरच्या भाषणावर समाधान मानू नका. श्वास आणि हृदय बंद पडलेल्या माणसासाठीचं सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, पुतळ्यावर प्रत्येकाने स्वतः केलंच पाहिजे. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे ऐकायला सोपं, करायला दमवणारं. दोन मिनिटांत माणूस बदलावा लागतो. तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटला तर नुसतं दाबत राहिलं तरी चालतं, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. उजळणी दरवर्षी करा.

आपल्याकडे कामगारांत छत्तीसगड, बालाघाट, बिहारकडचे लोक पुष्कळ. तेव्हा भिंतीवरचा तक्ता मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह.

पेटी : विकत आणलेली नव्हे, भरलेली

गंजीपेठेच्या दवा बाजारात हे सगळं सामान सुटं मिळतं. तयार पेटीत बहुधा दहा चिकटपट्ट्या, एक कात्री जी पट्टीही कापत नाही, आणि बाकी कापसाचा फुगारा असतो. त्यापेक्षा प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि स्वतः भरा. वीसेक माणसांसाठी मी असं भरेन:

निर्जंतुक गॉजचे तुकडे वीस-पंचवीस, वेगवेगळ्या रुंदीच्या गुंडाळपट्ट्या डझनभर, क्रेप बँडेज दोन, त्रिकोणी पट्ट्या चार, जखम दाबून धरायला जाड ड्रेसिंग चार, भाजल्यावर झाकायला न चिकटणारं ड्रेसिंग. नायट्राइलचे हातमोजे सहा जोड्या. नॉर्मल सलाईनच्या दोन बाटल्या, कारण नळाला पाणी नसतानाही जखम धुवावी लागते. पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, चिमटा, जीन्स कापू शकेल अशी कात्री, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, तोंडाने श्वास देताना लावायचा मास्क, ओआरएसची दहा पाकिटं, घट्ट तोंडाच्या प्लास्टिक पिशव्या, वही आणि पेन.

कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, त्याचे धागे आत अडकतात. तो असलाच तर गॉजच्या वर.

गोळ्यांवरून प्रत्येक ठिकाणी वाद होतो. माझ्या मते पेटीत गोळ्या नकोत. डोकेदुखीची गोळी मागणारे दिवसाला दहा, आणि त्यांच्यामुळे पेटी बाजाराची पिशवी होते. तुमच्या नियमाच्या यादीत गोळ्या असतील तर ठेवाव्या लागतील, पण त्या वेगळ्या पाकिटात, नोंद करून. छातीत दाब येऊन घाम फुटलेल्या माणसाला आधी बसवा, १०८ लावा आणि ॲस्पिरिन द्यायची का हे फोनवरच विचारा. ॲलर्जी असेल किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर ती घातक ठरते.

जुन्या नियमांच्या याद्यांत एक गंमत सापडेल: साप चावल्यावर चीर द्यायचं छोटं पातं आणि पोटॅशियम परमँगनेटचे खडे. जुन्या युनिटांच्या पेट्यांत ते अजूनही दिसतात. यादीप्रमाणे ठेवायची वेळ आली तरी वापरायचे नाहीत. चीर देणं आणि खडे चोळणं दोन्ही नुकसान करतात.

पेटीला कुलूप लावू नका. "पट्ट्या घरी जातात" ही मालकांची तक्रार खरी आहे, पण चावी असलेला माणूस जेवायला गेला की सगळं थांबतं. त्याऐवजी झाकणाला केबल बांधायची प्लास्टिकची पातळ पट्टी लावा. ओढली की तुटते, आणि तुटलेली दिसली की कुणीतरी पेटी उघडली हे कळतं. किरकोळ कापण्यासाठी चिकटपट्ट्यांचा छोटा डबा बाहेर उघडाच ठेवा. तो रिकामा झाला तर झाला, मोठी पेटी शाबूत राहते.

आणि ती पत्र्याच्या भिंतीला ठोकू नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हातमोजे चिकट होतात, पट्टीचा डिंक वितळतो, औषधं तर त्याआधीच निकामी होतात. आतली, पक्क्या भिंतीची, सावलीतली जागा शोधा. डब्यावर हिरव्यावर पांढरी फुली रंगवा. तुमच्या नियमात पांढऱ्यावर लाल फुली असं लिहिलं असेल तर नियम पाळा.

उन्हाळा : इथे वेळ घालवा

नागपूरच्या प्रथमोपचाराचा अर्धा भाग मार्च ते जून या चार महिन्यांत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात पत्र्याचं छप्पर, भट्टी किंवा बॉयलर जवळ असेल तर आतलं तापमान विचारूच नका. खिशात कांदा ठेवल्याने काही होत नाही, ठेवायचा तर ठेवा, पण पाणी पिणं सोडू नका.

दोन अवस्था ओळखायला शिका. पहिलीत माणूस थकतो, खूप घाम येतो, मळमळतं, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, पण बोलतो नीट. त्याला सावलीत आणा, बूट आणि घट्ट कपडे सैल करा, थोडं थोडं ओआरएस पाजा, त्या दिवशी परत कामावर लावू नका. दुसरीत माणूस बरळतो, चालताना झोकांड्या खातो, अंग तापतं, कधी फिट येते, कधी शुद्ध जाते. थर्मामीटर ४० अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर दाखवेल. हा उष्माघात, आणि यात मिनिटं मोजली जातात. १०८ ला फोन एकाने करायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने थंड करायला सुरुवात करायची. अंगावर पाणी ओता, ओली चादर टाका, जोरात पंखा लावा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवा. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी असल्याने ओलं अंग आणि वारा यांनी शरीर झपाट्याने थंड होतं, याचा पुरेपूर फायदा घ्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हं, ग्लुकोज काहीही ओतायचं नाही. दवाखान्यात नेईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही, गाडीतही नाही.

बर्फ कुठून येणार हे मार्चमध्येच ठरवा. फ्रिज नसेल तर जवळची रसवंती किंवा पानठेला कोणता, किती वाजेपर्यंत उघडा असतो, ते लिहून ठेवा.

ओआरएसचं पाकीट नीट वाचा. मोठं एक लीटरसाठी, छोटं २०० मिलीसाठी. अंदाजाने ग्लासभर पाण्यात मोठं पाकीट मिसळणं धोक्याचं. पाकीट संपलं तर एक लीटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेयं हा त्याला पर्याय नाही.

एक गोष्ट मालकांना पटवणं कठीण जातं. नवा माणूस, किंवा लग्नसराईत गावी जाऊन परतलेला जुना माणूस, पहिल्या आठवड्यात उन्हाला जास्त बळी पडतो. शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे जातात. त्याला पहिले काही दिवस कमी वेळ आणि सकाळच्या पाळीत घ्या. दुपारी बारा ते चार उघड्यावरचं जड काम टाळा. हे प्रथमोपचारात मोडत नाही असं कुणी म्हणेल. पेटीचं सामान वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

कूलर आणि करंट

उन्हाळा आला की कूलर आले आणि कूलरसोबत करंट लागण्याचे अपघात. लोखंडी बॉडी, पाण्यातला पंप, कुरतडलेली वायर आणि अर्थिंगचा पत्ता नाही. ओल्या फरशीवर उभं राहून पाणी भरायला गेलेला माणूस चिकटतो. त्याला ओढायला धावणारा दुसरा माणूसही चिकटतो. म्हणून सगळ्यांना एकच गोष्ट घोकायला लावा: आधी मेन बंद. मेन स्विच कुठे आहे हे पेटीजवळच्या तक्त्यावर बाण काढून दाखवा. बंद करणं शक्यच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. उच्च दाबाच्या लाइनजवळ हेही करू नका, लांब राहा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा. माणूस उठून "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक कूलरची अर्थिंग तपासा आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. नुसता एमसीबी (जादा लोड आला की पडणारा स्विच) माणसाला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरिंगसाठी असतो.

पावसाळा : साप आणि कुत्रे

बुटीबोरी, कळमेश्वर, मौदा इथल्या युनिटांभोवती गवत वाढतं आणि जमिनीवर झोपणारा चौकीदार सर्वात आधी सापडतो. मण्यार रात्री चावतो, दुखत फारसं नाही, खूणही कधी दिसत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास. चौकीदाराला खाट आणि मच्छरदाणी द्या, टॉर्च द्या.

साप चावला तर माणसाला आडवं करून शांत ठेवा, अंगठी-कडं काढा, चावलेला अवयव पट्टी आणि लाकडी फळीने हलणार नाही असा बांधा. घट्ट दोरी बांधणं, चीर देणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काही नाही. साप पकडायला जाऊ नका, वेळ तेवढी लिहा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह धरणारे असतात, त्यांना कुणीतरी वरिष्ठाने ठामपणे थांबवायचं.

रात्रपाळीच्या गेटवर कुत्रा चावणं साप चावण्याहून जास्त होतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची काही लावायची नाही आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. घड्याळ लावून १५ मिनिटं. पाच मिनिटांत माणूस कंटाळतो.

बाकी चार गोष्टी, भराभर

भाजलं तर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद नाही. फोड फोडू नका, मग न चिकटणाऱ्या ड्रेसिंगने सैल झाका.

रक्त वाहतंय तर गॉज ठेवून सरळ दाबा, आणि दाबलेलं सारखं उचलून पाहू नका. तुटलेलं बोट सलाईनने ओल्या गॉजमध्ये, ते पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं तर जोडण्याच्या लायक राहत नाही.

डोळ्यात रसायन, चुना, सिमेंट गेलं तर १५ ते २० मिनिटं सतत पाणी, पापण्या उघड्या धरून. घुसलेला धातूचा कण ओढून काढू नका.

फिट आली तर चप्पल हुंगवणं, मुठीत चावी देणं, दातांत चमचा घालणं बंद. डोकं आपटणार नाही असं पाहा, थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालली तर १०८.

गाडी, गेट आणि दवाखाना

१०८ ही राज्याची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे, ११२ वरूनही मदत मिळते. पण बुटीबोरी शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, आणि प्लॉट शोधण्यात वेळ जातो. म्हणून प्लॉट क्रमांक, जवळची ठळक खूण आणि कोणत्या रस्त्याने यायचं, हे तीन ओळींत लिहून फोनजवळ चिकटवा. फोन केल्यावर एकाने मुख्य रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, रात्री टॉर्च घेऊन. गाडी लवकर येणारच नसेल तर कोणती गाडी वापरायची, तिची चावी कुणाकडे, हेही ठरलेलं हवं.

कुठे न्यायचं हे आधी जाऊन पाहा. मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) ट्रॉमा केअर सेंटर, मेयो (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय), मिहानचं एम्स, आणि तुमच्या रस्त्यावरचं खाजगी रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी रात्री कोण असतं, भाजलेल्यांची सोय आहे का, बोट जोडणारा सर्जन येतो का, प्रतिविष आहे का, एवढं विचारून या. सगळ्यात जवळचा दवाखाना म्हणजे सगळ्यात योग्य दवाखाना असं नाही. बुटीबोरीहून येताना एम्स वाटेतच लागतं, हिंगण्याहून मेडिकल. राज्य कामगार विमा लागू असेल तर कामगाराचा विमा क्रमांक पेटीतल्या वहीत असू द्या. पोलिसांची नोंद झाल्याशिवाय हात लावणार नाही असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल सांगा: तातडीचे उपचार आधी, कागद नंतर.

नोंद आणि भरणा

प्रत्येक घटना वहीत: तारीख, वेळ, काय झालं, कुणी काय केलं, कुठे पाठवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का. अगदी साधी खरचटही. विमा असलेल्या कामगाराच्या दाव्याला हीच नोंद आधार देते. अपघाताचा अहवाल कामगार विम्याकडे पाठवायलाही उशीर करू नका.

पेटी महिन्यातून एकदा तपासा, तारीख पगाराच्या दिवसाला जोडा म्हणजे चुकणार नाही. वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरा. वैधता संपायला तीन महिने उरले की बदला. उन्हाळ्याआधी ओआरएस दुप्पट, पावसाळ्याआधी टॉर्चचे सेल आणि फळ्या.

वर्षातून दोनदा न सांगता सराव घ्या, त्यातला एक रात्रपाळीत. एका माणसाला शेडच्या दूरच्या कोपऱ्यात बसवा, "याला करंट लागलाय" म्हणा आणि घड्याळ पाहा. पेटी किती मिनिटांत आली, मेन कुणी बंद केला, गेटवर कोण गेलं. ठेकेदाराची माणसं या सरावात नसतील तर पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरू करा.